मधला काळोख

सोमवारपासून मला फक्त एक काळा ठिपका हवा होता. लेझरच्या प्रकाशाची बांगडी आणि तिच्या मधोमध काळोख. तो जमला की पेशींचे फोटो, फोटो जमले की प्रबंधाचं शेवटचं प्रकरण. शुक्रवारी दुपारी बाराला सूक्ष्मदर्शक शेजारच्या गटाकडे जाणार होता, तीन महिन्यांसाठी. माझी मुदत दोनच महिन्यांनी संपत होती.

दादाने फोनवर ऐकून घेतलं आणि म्हणाला, "काळा ठिपकाच ना? पेनाने काढ." मी फोन ठेवून दिला.

भिंगाच्या अलीकडे बांगडी देखणी दिसायची. भिंगाने झोत एका टोकावर आवळला की मधला काळोख भरून यायचा. भिंग नवंकोरं. म्हणजे चूक ते धरणाऱ्या कडीची, म्हणजे कडी करणाऱ्या मेस्त्रींची. गणित इतकं झटपट मला आयुष्यात कधी सुटलं नव्हतं. दोन कड्या मी वर्कशॉपात परत नेल्या. तिसरी तर वर भिंगावरच ठेवून खाली गेले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "मेस्त्री, एकदा चष्म्याचा नंबर तपासून घ्या."

त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. "चौथी करतो, मॅडम. शुक्रवारी सकाळी न्या."

शुक्रवारी नऊ वाजता, चरफडतच, मी झोताच्या वाटेवरून बोट फिरवलं. लेझर, झोताला पीळ देणारी काच, आरसा, आणखी एक आरसा. बोट तिथेच थांबलं. हा दुसरा आरसा सोमवारी मीच लावला होता. टेबलावर लॅपटॉपला जागा हवी होती म्हणून, झोत वळवायला.

प्रकाश दोन तऱ्हांनी फिरतो. एक गिरकी त्याच्या ध्रुवणाची, म्हणजे कंपनाच्या दिशेची, भोवऱ्यासारखी जागच्या जागी. दुसरा पीळ अख्ख्या झोताचा, स्क्रूच्या आट्यांसारखा. सैल झोतात दोघं एकमेकांच्या वाटेला जात नाहीत. पण झोत घट्ट आवळला की ते मिसळतात. एका दिशेचे असले तर मध्य काळा राहतो. उलट असले तर एकमेकांना खोडतात आणि मधोमध उजेड भरतो. जास्तीच्या आरशाने पीळ उलटा केला होता. गिरकी देणारी चकती झोताच्या वाटेवर आरशानंतर बसलेली, तिला याचा पत्ताच नव्हता. हे सगळं मी पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवते.

चकती पाव फेरा फिरवली. पडद्यावर मधोमध काळोख उतरला, शाईसारखा. आनंद व्हायला हवा होता. स्वतःचा संताप आला.

खाली मेस्त्रींनी चौथी कडी फडक्यात गुंडाळून ठेवली होती.

"कडी पहिल्यापासून बरोबर होती," मी म्हणाले. "चूक माझी होती. नंबराचं बोलले तेही चुकलं."

"ठाऊक आहे." त्यांनी खण उघडून आधीच्या दोन कड्या चौथीशेजारी मांडल्या. "मोजून बघा. सगळ्यांचं माप एकच."

"मग सांगितलं का नाहीत?"

"पहिल्याच दिवशी सांगितलं, मॅडम. तुम्ही लॅपटॉपमध्ये बघत होतात."

बाराला अजून अडीच तास होते. वर फोटो खोळंबले होते. माझा पाय तिथून निघेना.