उजमाच्या लग्नाची फिल्म

कौसरने लॅपटॉप उघडला आणि पडद्यावर काळे पट्टे नाचायला लागले. तिने तो बंद करून पुन्हा चालू केला. पट्टे गेले, पण आता सगळी अक्षरं फुगलेली, चित्रं पसरट दिसू लागली. एडिटिंगचं सॉफ्टवेअर उघडलं, तर तेही म्हणालं, ग्राफिक्स कार्ड सापडत नाही.

काल काम संपवताना तिने घाईघाईत "अपडेट करून बंद करा" यावर बोट ठेवलं होतं. त्याचंच हे फळ.

नाशिकच्या वडाळ्यातल्या दोन खोल्यांच्या घरात बसून कौसर लग्नाच्या शूटिंगच्या फिल्मा बनवून द्यायची. शूटिंग मयूर करायचा, काटछाट आणि संगीत हिचं. लॅपटॉप सेकंडहँड, घेतला तेव्हाच जुना होता; पण आत वेगळं ग्राफिक्स कार्ड होतं, त्याच्या जिवावर जड व्हिडिओ सुरळीत चालायचे.

इतक्यात फोन वाजला. चांदवडची उजमा. तिचीच फिल्म हातात होती; काटछाट झालेली, शेवटची फाइल तेवढी काढायची राहिलेली.

"कौसरआपा, अब्बांचं ऑपरेशन पुढच्या आठवड्यात होतं ना, ते उद्या सकाळीच करणार म्हणतात." उजमाचा आवाज भरून आला होता. "ते सारखं एकच विचारतायत, फिल्म झाली का. आज संध्याकाळी भेटायच्या वेळेत दाखवता येईल?"

उजमाचे अब्बा म्हणजे हबीबचाचा, कांद्याचे व्यापारी. लग्नाला दोन दिवस उरले असताना त्यांच्या छातीत कळ आली आणि त्यांना नाशिकच्या हॉस्पिटलमध्ये हलवावं लागलं. "मांडव उतरवायचा नाही," असं त्यांनी ॲम्ब्युलन्समधून बजावलं होतं. लग्न झालं, पण मुलीचा निकाह बापाने पाहिला नाही.

"आणते," कौसर म्हणाली.

आधी तिने मयूरला फोन लावला. तो शूटिंगसाठी सप्तशृंगी गडाकडे गेलेला, त्याचा लॅपटॉपही सोबत. मग ती पुन्हा लॅपटॉपसमोर बसली. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ग्राफिक्स कार्डच्या नावापुढे पिवळा त्रिकोण होता. जुन्या ड्रायव्हरवर, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या आधीच्या सॉफ्टवेअरवर, परत जायचं बटण होतं, पण ते पुसट झालेलं, दाबलं जाईना. तिने नवा ड्रायव्हर उतरवून घेतला. तो अर्ध्यावर थांबला आणि म्हणाला, हे कार्ड आता आमच्या यादीत नाही.

"म्हणजे काय, मेलं का ते?" ती पडद्यावर ओरडली.

तिचा नवरा उमर बाहेरच्या खोलीतून डोकावला. तो पिंपळगावहून द्राक्षांचे टेम्पो भरून न्यायचा. टेम्पो गॅरेजला, म्हणून आज घरी होता.

"चहा घे आधी."

"चहा नकोय मला! इथे काय चाललंय आणि तुमचं काय!"

उमरने चहा तिथेच ठेवला आणि गेला. कौसर उठली, खिडकीपर्यंत गेली, परत आली. कुठल्यातरी अनोळखी साइटवरून तिने एक फाइल उतरवली, तिच्यावर अँटीव्हायरसने आरडाओरडा केला, ती पुसली. मग लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर गेली. तिथे तिच्या मॉडेलचं पान अजून होतं, आणि तळाशी काही वर्षांपूर्वीचा ड्रायव्हरही.

तो तिने बसवला. चित्र एकदम स्वच्छ झालं. तिने "या अल्ला" म्हणत श्वास सोडला, लॅपटॉप रीस्टार्ट केला, आणि दोन मिनिटांत पुन्हा काळे पट्टे. सेफ मोडमध्ये जाऊन सगळं मुळापासून काढलं, पुन्हा बसवलं. पुन्हा तेच. जणू कोणी मागून येऊन तिचं काम उलटं करून जात होतं. चहावर साय धरली. चुकून भलतंच काही पुसलं गेलं तर, या विचाराने तिने लग्नाचं सगळं शूटिंग आधी दुसऱ्या ड्राइव्हवर घेतलं. तेवढ्यातही तिचा पाय सारखा हलत होता.

दुपारी वीज गेली. पंखा थांबला, वायफायचा दिवा विझला.

"आता हेच राहिलं होतं," ती म्हणाली. बॅटरी जुनी, फार वेळ टिकणारी नव्हती. तरीही हट्टाने तिने तोच ड्रायव्हर आणखी एकदा बसवला आणि रीस्टार्ट केला.

चित्र स्वच्छ. ती वाट बघत राहिली. पट्टे आलेच नाहीत.

उमर दारात उभा होता. "झालं?"

"नेट!" कौसर उठूनच उभी राहिली. "नेट लागलं की हा आपणहून नवा ड्रायव्हर ओढून आणतो आणि जुन्यावर बसवतो. म्हणून टिकत नव्हता. आता वीज आली तरी वायफाय लावू नका, तुम्हाला माझी शपथ!"

उमरने जाऊन राउटरची वायरच काढली.

वीज परत आली तेव्हा बॅटरी संपतच आली होती. फिल्म तयार व्हायला लावून कौसर तिच्यासमोरून हलली नाही. हिरवी पट्टी पुढे सरकताना ती श्वास रोखून बघत होती. पुरी झाली तशी लॅपटॉप चार्जरसकट पिशवीत भरून ती उमरच्या मोटारसायकलवर बसली. मुंबई नाक्याच्या सिग्नलला तिने तीनदा पिशवी चाचपली.

हबीबचाचा पलंगावर टेकून बसले होते. अंगाने निम्मे झालेले. उजमाने लॅपटॉप त्यांच्या मांडीवरच्या टेबलावर ठेवला. फिल्म सुरू झाली: मेंदी, फुलांच्या माळा, उजमाचा "कबूल है". चाचांचे डोळे भरले. त्यांनी लेकीचा हात धरला. कौसरला वाटलं, चला, सुटले मी.

फिल्म संपली, तसे चाचा म्हणाले, "लय छान केलंस, बेटा. पण मानसं कुठंयत?"

"कोण माणसं, चाचा?"

"आलेली मानसं. दारात कोन हुतं? मी नव्हतो, मग या-बसा कोन म्हनलं? अन नवनाथचा बाप मटन खात नाय, त्याच्यासाठी येगळं भांडं लावलं हुतं का? उपाशी तर नाय ना गेला म्हातारा?"

दाराजवळचं, जेवणाचं शूटिंग तिने सगळं कापलं होतं. लांबलचक, हलणारं, तिला ते कंटाळवाणं वाटलं होतं. पण मूळ शूटिंग लॅपटॉपमध्येच होतं, आणि आता ते चालणारही होतं.

"थांबा, दाखवते."

तिने दाराजवळचं शूटिंग लावलं. फेटा बांधलेला, रुंद खांद्यांचा एक माणूस दारात उभा होता. येणाऱ्या प्रत्येकाला हात जोडत होता, म्हाताऱ्यांना धरून खुर्चीपर्यंत नेत होता. कौसरने त्याला हॉलचा नोकर समजून बाजूला काढला होता.

"नवनाथ," चाचा म्हणाले. "गाळ्यावर हमाली करतो. लय वर्सं झाली." ते पडद्याकडे वाकले. "फेटा बांधला त्यानं. कवा बांधत नाय."

"दिवसभर पाणीसुद्धा प्यायला नाही, अब्बा," उजमा म्हणाली. "मी सांगितलं, बसा जरा. म्हणाले, शेटच्या जागी उभा हाय, बसून कसं चालंल."

मग जेवणाचं शूटिंग आलं, आणि एका कोपऱ्यात वेगळं भांडं, वेगळी पंगत. तिथे कांदा निवडणाऱ्या सुलाबाई आग्रह करकरून वाढत होत्या आणि नवनाथचे वडील नको नको म्हणत पान पुढे करत होते. चाचा मोठ्याने हसले, मग खोकले; नर्स धावत आली. तिने लॅपटॉप बंद करायला लावला.

"ऱ्हाऊ दे," चाचा कौसरला म्हणाले. "पोटभर झालं."

ऑपरेशन दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चाललं. संध्याकाळी उजमाचा फोन आला: अब्बा शुद्धीवर आलेत, डॉक्टर म्हणतात ठीक आहेत. बोलता बोलता ती रडायला लागली, आणि कौसरही.

त्या आठवड्यात कौसरने फिल्म पुन्हा बनवायला घेतली. सुरुवात कुठून करायची हे तिचं बराच वेळ ठरेना; उठत होती, बसत होती, उमरशी वाद घालत होती. शेवटी निकाहच्याही आधी तिने नवनाथला घातलं, हात जोडून दारात उभा असलेला, आणि ते दृश्य अजिबात न कापता चालू ठेवलं.