उरलेल्या दोन चिठ्ठ्या

इस्पितळाच्या लाँड्रीत कपड्यांना नावं नसतात, नंबर असतात. कॉलरच्या आत लाल दोऱ्याने शिवलेला नंबर बघायचा, कोट वाफेच्या इस्त्रीखाली घालायचा, पायाने दाबायचं आणि पुढचा घ्यायचा. हे काम करणाऱ्या माणसाला सोबतचे मराठी लोक 'कडक' म्हणत. एक तर त्याच्या हातची घडी कडक, आणि दुसरं म्हणजे तो स्वतःही खळीत बुडवून काढल्यासारखा ताठ चालायचा. गेल्या वर्षभरात मात्र हा कडक पार मऊ पडला होता. दर मंगळवारी गठ्ठ्यातून अडतीस नंबरचा कोट निघायचा, आणि अडतीस नंबर तर मेला होता.

तसं त्यात भुताखेताचं काही नव्हतं. नंबर वाया घालवायची स्टोअरवाल्यांना सवय नाही. अडतीस नंबरचा लांब्या गेला, महिन्याभरात त्याच्या जागी एक मिशीवाला वॉर्डबॉय आला आणि नंबर त्याला चिकटला. हे कडकला ठाऊक होतं. तरी तो कोट हातात आला की वाफेच्या फुसफुसण्यातून त्याला शीळ ऐकू यायची. लांब्या नाताळची गाणी शिळेवर वाजवायचा, तीही बेसूर. दुसरी त्याची खोड म्हणजे कागद. बसचं तिकीट असो की औषधाचं बिल, हाताला लागलं की त्याची काडीसारखी गुंडाळी करून तो कान कोरत बसायचा आणि शिव्या खायचा. कडक तो अडतीस नंबरचा कोट न दाबताच पुढच्या ढिगात सरकवायचा. मिशीवाला बिचारा वर्षभर चुरगळलेला हिंडला आणि साहेबाची बोलणी खात राहिला.

त्या परक्या गावात मराठी ख्रिस्ती माणसं होती तरी किती, तर चार. वॉर्डातली नर्स ताई, वयानेही मोठी आणि जिभेनेही, इस्पितळाच्या स्वयंपाकघरातला आचारी, लांब्या, आणि कडक. सणाच्या दिवशी माणसं कमी पडतात, म्हणून तिघा पुरुषांपैकी एकाने दुपारी चारला स्ट्रेचर ढकलायला यायचं, कोण ते तुम्ही ठरवा, असा साहेबाचा हुकूम होता. ते ठरवायची यांची रीत होती. ताईच्या खोलीवर प्रार्थना व्हायची, मग तिघांच्या नंबरांच्या तीन चिठ्ठ्या लांब्याच्या माकडटोपीत पडायच्या आणि ताई डोळे मिटून एक काढायची. निघेल ती देवाची चिठ्ठी. उरलेल्या दोन उघडायच्या नाहीत, तशाच फाडून टाकायच्या. उघडून बघणं म्हणजे देवावर संशय घेणं. चिठ्ठ्या लिहायचं काम कडककडे होतं, कारण अक्षर त्याचं चांगलं. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणतात ना, तसंच झालं.

गेल्या नाताळला चार वाजता कडकची सहा वर्षांची लेक गावाकडच्या चर्चमध्ये पहिल्यांदा एकटीने गाणार होती. बायको ते फोनवर दाखवणार होती. तो परदेशी आला तेव्हा ही पोर रांगत होती. तिचं पहिलं चालणं हुकलं, पहिला शाळेचा दिवस हुकला, हे गाणं तरी त्याला हुकवायचं नव्हतं. त्याने तिन्ही चिठ्ठ्यांवर अडतीस लिहिलं. लांब्याला मागे फक्त आई, तिला तो कधीही फोन करू शकतो; एका दुपारने काय आभाळ कोसळणार आहे, अशी त्याने मनाची समजूत घातली.

अडतीस निघाला. लांब्या हसून म्हणाला, "देवालाही उंच माणूसच लागतो!" कडक उरलेल्या दोन चिठ्ठ्या काढून फाडणार, एवढ्यात लांब्याने टोपी हिसकावली. "दे रे, बाहेर मरणाची थंडी आहे." चिठ्ठ्यांसकट टोपीची कड आत दुमडून, ती डोक्यावर चढवून तो जिना उतरलासुद्धा. कडकच्या तोंडचं पाणी पळालं. पण बोलणार काय आणि कुठल्या तोंडाने?

त्या दिवशी भर दुपारीही धुकं उठलं नव्हतं. चार वाजता लेक गायली. चार वाजून दहा मिनिटांनी ताईचा फोन वाजला. बसथांब्यासमोर ट्रकने लांब्याला उडवलं होतं. ट्रकवाला रडत सांगत होता, की माणूस थांब्याकडून परत घराच्या बाजूला येत होता. काहीतरी विसरला असेल, असं सगळे म्हणाले. आणि पुढे म्हणाले, देवाची चिठ्ठी. लांब्याची आईही तेच म्हणाली. "देवानंच नाव काढलं बाळांनो. तसं नसतं तर मी वेडी झाले असते."

त्यानंतर कडकने लेकीचं गाणं ऐकलं नाही. "पप्पा, गाऊ?" असं तिने विचारलं की तो म्हणायचा, "रेंज नाही बाळा." पोरीने हळूहळू विचारणं सोडलं.

यंदा नाताळला पुन्हा धुकं होतं. ताईच्या खोलीत चार खुर्च्या, आचाऱ्याने आणलेला केक, आणि लांब्याच्या खुर्चीत मिशीवाला. तोही ख्रिस्ती, दोन मुलांचा बाप, नव्या मंडळींत अवघडून बसलेला. केकच्या डब्याला टेकवून ताईने फोन उभा केला होता आणि त्यात लांब्याची आई होती. पांढरी साडी, चष्मा, मागे लेकाचा फोटो. "मला पण घ्या प्रार्थनेत," असा तिचा आठवड्यापासूनचा हट्ट होता. "चिठ्ठी काढतानाही मला दिसू दे."

कडकने आदल्या दिवशीच चिठ्ठ्या लिहिल्या होत्या. तिन्हींवर स्वतःचा नंबर, बावन्न. वर्षभराच्या पापाला एवढंच प्रायश्चित्त त्याला सुचलं होतं, आणि तेही पुन्हा लबाडी करूनच. प्रार्थना झाली. ताई उठली, कपाट उघडलं आणि माकडटोपी बाहेर काढली.

कडक खुर्चीतून उठला. "ही... ही तर सामानाबरोबर आईंकडे गेली ना?"

"मी ठेवून घेतली. आईंना विचारून," ताई म्हणाली. "धुवायचं मन झालं नाही रे. त्याच्या तेलाचा वास आहे अजून."

तिने चिठ्ठ्या टोपीत टाकल्या, टोपीची दुमडलेली कड उलगडून, उलटीपालटी करून चांगली हलवली, डोळे मिटले आणि हात घातला. हातात आली ती घडी नव्हती. काडीसारखी बारीक, घट्ट गुंडाळी होती.

"अगंबाई, ही अशी कशी गुंडाळलीस रे?" म्हणत ताईने ती सोडवली. "अडतीस."

मिशीवाला लगेच उठला. "बरं झालं ताई. तुम्ही लोक निवांत बसा. मी निघतो." खिडकीबाहेर बसथांबासुद्धा दिसत नव्हता. त्याने मफलर गुंडाळला. गप्प बसलं की संपलं, हे कडकला कळत होतं. चिठ्ठी देवाची ठरली होती, विचारणारं कोणी नव्हतं. मिशीवाल्याचा हात दाराच्या कडीवर गेला. अंगात चुरगळलेला कोट होता.

"थांबा! जाऊ नका!" कडक ओरडला. त्याने टोपी ओढून घेतली आणि टेबलावर झटकली. चार चिठ्ठ्या पडल्या. त्याने एकेक उघडून मांडली. बावन्न, बावन्न, बावन्न. चौथी जुनी, पिवळट, पण घडी अजून कडक. तिच्यावर अडतीस. मग त्याने सगळं सांगितलं, फोनकडे बघत, अडखळत, काही न गाळता.

आचारी "अरे देवा" म्हणून खाली बसला. ताई गुंडाळीकडेच बघत होती. "मी घडी घातली होती," कडक म्हणाला. "गुंडाळी तो करायचा. थांब्यावर त्याच्या हाताला लागली असणार. उघडली असणार. त्याला कळलं होतं."

फोनमधलं चित्र अडकलं की काय, असं ताईला वाटलं. मग आईने चष्मा काढला.

"वर्षभर एकच विचारतेय मी त्याच्या फोटोला. परत का फिरलास म्हणून." तिचा आवाज कोरडा होता. "तुझ्याशी भांडायला येत होता का रे?"

"माहीत नाही आई."

"की हसायला? 'पकडला लेका' म्हणायला? लहानपणी असाच यायचा, कुणी फसवलं की."

"माहीत नाही."

"म्हणजे हे आता मला कधीच कळायचं नाही." तिने डोळे पुसले. "देवाची चिठ्ठी म्हणून धरून बसले होते. तीही काढून घेतलीस."

"आई, मला माफ—"

"माफीबिफीचं आत्ता बोलू नकोस. नरड्याशी आलंय माझ्या." तिने चष्मा पुन्हा लावला. "गायली का तुझी लेक?"

"गायली."

"चांगली?"

"हो."

"मग लाव तिला फोन. माझा पोरगा देऊन काय आलं ते ऐकू दे मला."

कडकने स्वतःचा फोन काढून आईच्या फोनसमोर धरला. नंबर दोनदा चुकला. तिसऱ्यांदा लागला. पलीकडे दोन वेण्या दिसल्या.

"बाळा, गातेस? गेल्या वर्षीचं?"

पोरीचा चेहरा फुलला.

"रेंज आली, पप्पा?"

"आली," तो म्हणाला.