कडीत राहिलेली तुती

मित्रांनो, अंगणाच्या मागच्या भिंतीला टेकून उभी असलेली ही गंजकी, वाकडी वस्तू म्हणजे मी. मी एक जुनी जाळी आहे. खिडकीची नव्हे, झाडाची. लहान रोपाभोवती लोखंडाचा उंच, गोल पिंजरा उभा असतो ना, त्या जातीची. भंगारवाला गल्लीतून जाताना माझ्याकडे फार आशेने बघतो, पण या घरात मला कोणी विकत नाही. जवळ येऊन पाहिलेत तर माझ्या मधल्या कडीत लाकडाचा एक तुकडा घट्ट रुतलेला दिसेल. तो तुतीचा आहे. माझे सगळे आयुष्य त्या एका झाडाभोवती गेले, म्हणून माझी गोष्ट सांगायची तर तिचीच सांगावी लागते.

माझा जन्म वेल्डरकाकांच्या दुकानात झाला. चपट्या पट्ट्या वाकवून त्यांनी तीन कड्या केल्या आणि त्यांना उभ्या सळ्या जोडल्या. काका मोठे धोरणी. त्यांनी मला दोन भागांत घडवले, एका बाजूला बिजागरी आणि दुसऱ्या बाजूला नटबोल्ट, म्हणजे वेळ आली की दारासारखे उघडता यावे. वरून हिरवा रंग दिला. दुकानात आलेले एक गिऱ्हाईक म्हणाले, "झाडापेक्षा जाळीच देखणी!" हे ऐकून मी मूठभर मांस चढल्यासारखी फुगले. लोखंडाच्या अंगावर मांस कुठून चढणार, पण तुम्ही समजून घ्या.

मला ज्या घरी नेले तिथे दोन बहिणी राहत होत्या. थोरली पुढच्या खोलीत शिवणकाम करायची. लहान मुलांचे कपडे ही तिची खासियत. धाकटी इस्पितळात परिचारिका होती. आईवडील गेल्यापासून एकमेकींना त्या दोघीच. आणि मी आले तेव्हा त्या दोघी एकमेकींशी अवाक्षर बोलत नव्हत्या.

कारण होते एक झाड. वडिलांनी अंगणात लावलेले, घरापेक्षा उंच झालेले. त्याची मुळे शिवणाच्या खोलीखाली शिरली आणि भिंतीला हात जाईल एवढी भेग पडली. पण त्या गावचा नियम असा, की अंगण तुमचे असले तरी झाड तुमच्या मर्जीने तोडायचे नाही. आधी कचेरीत अर्ज द्यायचा. मग कचेरीचा माणूस येऊन झाडाच्या बुंध्यावर सूचना चिकटवतो : हे झाड तोडायचे आहे, कोणाची हरकत असेल तर कळवावे. थोरलीने अर्ज दिला. सूचना लागली. साऱ्या गल्लीतून हरकत एकच आली, आणि ती होती धाकटीची! अर्जावर आणि हरकतीवर पत्ता एकच. कचेरीतल्या लोकांची म्हणे हसून हसून पुरेवाट झाली. घरात मात्र कोणी हसले नाही. भिंत धोक्याची ठरली, परवानगी मिळाली, झाड पडले. त्या दिवशी धाकटी मुद्दाम इस्पितळातच राहिली. परत आली ती मोकळ्या अंगणाकडे न बघता सरळ आत गेली, आणि तिने अबोला धरला.

नियमाचे दुसरे टोक असे, की जिथे तोडले तिथेच नवे लावायचे, त्याला जाळी घालायची आणि तीन वर्षे जगवून दाखवायचे. रोप धाकटीने आणले. तुतीचे, तुमच्या गुडघ्याइतके उंच, चार पानांचे. आणि त्याच्या रक्षणासाठी मी आले.

वेल्डरकाका मला बसवायला लागले तेव्हा थोरली दारात उभी होती. त्या गल्लीतून जाळ्या चोरीला जात. रात्री बोल्ट काढायचे आणि सकाळी भंगारात विकायचे, असा उद्योग कोणीतरी चालवला होता.

"काका, बोल्ट नको. पक्कंच जोडून टाका," थोरली म्हणाली.

"अहो बाई, पुढे उघडायची वेळ आली तर?"

"कशाला येतेय? एक झाड माझ्या हातनं गेलंय. आता याला कोणी हात लावता कामा नये."

काकांनी रोपावर ओले पोते टाकले आणि ठिणग्या उडवत माझी दोन्ही टोके कायमची जोडली. बिजागरीसुद्धा. मला तेव्हा त्याचे काहीच वाटले नाही. उलट अभिमानच वाटला.

मित्रांनो, ती सुरुवातीची वर्षे माझ्या वैभवाची होती. शेळीने माझ्या सळ्यांतून तोंड घालून पाहिले आणि हात हलवत, म्हणजे शेपूट हलवत, परत गेली. मुलांचे चेंडू मी अंगावर घेतले. दूधवाल्याची सायकल घसरून माझ्यावर आदळली, तेव्हा माझी एक सळी वाकली पण आतले पानही हलले नाही. कचेरीतून एक साहेब पाहणीला यायचे. गल्ली त्यांना 'झाडसाहेब' म्हणायची. ते स्कूटरवरून खालीसुद्धा उतरत नसत. कुंपणापलीकडून मान उंचावून विचारत, "जाळी आहे ना? छान, छान!" झाडापेक्षा माझीच चौकशी जास्त. मी हुरळून जात असे.

आणि तुतीने काय केले? तिने त्या दोन बहिणींना बोलते केले. आधी त्या झाडाचे निमित्त करून आडूनच बोलत. धाकटी अंगणात येऊन हवेला विचारी, "झाडाला पाणी घातलं का कोणी?" थोरली आतून शिवणयंत्राला सांगे, "घातलं म्हणावं." असे बरेच दिवस चालले. मग तुतीला पहिली फळे आली. वाळत घातलेल्या एका गिऱ्हाइकाच्या पांढऱ्याशुभ्र सदऱ्यावर त्यातले एक टपकन पडले. थोरली तो जांभळा डाग घेऊन तावातावाने बाहेर आली. समोर धाकटी. ओठ जांभळे, जीभ जांभळी, हाताचे तळवे जांभळे.

"हसतेस काय? सदरा लोकांचा आहे!" थोरली ओरडली.

"ताई, आधी एक खाऊन तर बघ."

थोरलीने एक खाल्ले. मग दुसरे. मग दोघी पायरीवर बसून ओंजळभर तुती खात राहिल्या, आणि खाता खाता थोरलीच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागले. धाकटीने तिचे डोळे पुसले तेव्हा गालांवरही जांभळे फराटे उठले. त्या संध्याकाळी घरात कितीतरी वेळ बोलण्याचा आवाज येत होता. लोखंडालाही आनंद होतो, हे मला त्या दिवशी कळले.

पण झाड उंच होते ते सगळ्यांना दिसते, जाड होते ते कोणाच्या लक्षात येत नाही. माझ्या मात्र आले. एके दिवशी तुतीची साल माझ्या मधल्या कडीला एका बाजूने टेकली. सुरुवातीला मला बरे वाटले, लहान मूल अंगाशी येऊन बिलगावे तसे. पुढच्या मोसमात ती सगळ्या बाजूंनी टेकली. त्यानंतर ती टेकत नव्हती, दाबत होती. मी सरकणार कुठे? जोडून टाकलेली कडी ना पुढे होते, ना मागे. माझ्या वरच्या आणि खालच्या बाजूला तिची साल फुगून आली आणि मी तिच्या अंगात रुतू लागले. तिला ओरडता येत नव्हते आणि मलाही.

हे पहिल्यांदा दिसले ते धाकटीला. रुग्णांचे हातपाय बघायची सवय तिला. बांधलेली पट्टी घट्ट झाली की पलीकडे काय होते, ते तिला ठाऊक होते.

"ताई, जाळी काढायला हवी गं. बघ, आत बोटसुद्धा जात नाही."

"साहेबांना न विचारता?"

"तीन वर्षं कधीच होऊन गेली."

"जाळी ठेवा म्हणाले होते. काढा असं कुठे म्हणाले?"

"अगं, लोकांच्या पोरांना वाढत्या अंगाचे कपडे शिवतेस तू. आणि घरच्या झाडाला एवढं तंग?"

थोरलीचा चेहरा पडला. ती हळू आवाजात म्हणाली, "मागच्या वेळी मी घाई केली. तू माझ्याशी बोलेनाशी झालीस. या झाडाच्या बाबतीत मी नियमाबाहेर एक पाऊल टाकणार नाही. उगाच काही झालं तर?"

तरी ती बिचारी कचेरीत जाऊन आली. झाडसाहेबांची बदली झाली होती. त्यांच्या खुर्चीवरचा माणूस म्हणाला, तोडायचा अर्ज असतो, लावल्याचा दाखला असतो, पण जाळी काढायचा काही कागद नसतो. "मग काढू की नको?" थोरलीने विचारले. "ते तुमचं तुम्ही बघा," तो म्हणाला. नियम पाळायचा म्हणून जी बाई जिवाचा आटापिटा करत होती, तिला हे उत्तर म्हणजे आगीतून फुफाट्यात. तिने ठरवले, कोणीतरी साहेब पाहणीला येईलच, तोवर हात लावायचा नाही.

एकदा धाकटी सुट्टीच्या दिवशी परस्पर वेल्डरकाकांना घेऊन आली. कापायचे यंत्रही आणले होते. मी मनातल्या मनात म्हटले, सुटले बाई एकदाची! पण थोरली धावत येऊन माझ्यासमोर उभी राहिली. "ठिणगी लागून झाड गेलं तर? नको, नको." काका दोघींकडे आळीपाळीने बघत राहिले. "तुम्ही दोघी मिळून काय ते ठरवा, मग बोलवा," असे म्हणून त्यांनी यंत्र पिशवीत घातले. धाकटी काही बोलली असती, तोंडापर्यंत आलेही होते. पण ताई मोठ्या मुश्किलीने परत मिळाली होती. पुन्हा अबोला धरायची तिची ताकद नव्हती. ती गप्प बसली. मला आजही वाटते, त्या दिवशी त्यांनी भांडायला हवे होते.

पुढे तुतीचा शेंडा पिवळा पडला. फळे खुरटी येऊ लागली. "यंदा ऊनच फार आहे," थोरली म्हणायची आणि दोन तांबे पाणी जास्त घालायची. अंगणात साहेब काही आला नाही.

मग एका दुपारी वारा सुटला. वादळ नव्हते हो, साधा वारा. गल्लीतले एकही दुसरे झाड पडले नाही. तुती मात्र माझ्या मधल्या कडीपाशी काटकीसारखी मोडली. वरचे सगळे झाड अंगणभर आडवे झाले आणि त्याच्या ओढीने मी अशी वाकडी झाले. थोरली शिवण टाकून बाहेर आली. तिच्या गळ्यात मोजायची टेप तशीच लोंबत होती. तिने मोडलेल्या जागी हात फिरवला. बाहेरून जाडजूड दिसणारे खोड आतून माझ्या कडीएवढेच राहिले होते. ती तिथेच मातीत बसली आणि लहान मुलासारखी रडली.

नियम म्हणजे नियम. उरलेले मोडके खोड काढायलाही अर्ज द्यावा लागला. पुन्हा तो माणूस आला, पुन्हा सूचना चिकटवली : हे झाड तोडायचे आहे, कोणाची हरकत असेल तर कळवावे. मुदत संपली त्या सकाळी दोघी बहिणी पायरीवर बसल्या होत्या. हातातला चहा निवून गेला होता.

"या वेळी हरकत नाही घेतलीस," थोरली म्हणाली.

धाकटी त्या कागदाकडे बघत म्हणाली, "कोणावर घेऊ, ताई? तू जपत होतीस. आणि मला दिसत होतं, तरी मी गप्प बसले."

वेल्डरकाकांनी मला कापून मोकळे केले. जी गोष्ट आधी करायची, ती इतक्या उशिरा झाली. सगळे खोड निघाले, पण मधल्या कडीत एक तुकडा अडकून राहिला. काका छिन्नी घेऊन तो ठोकून काढायला लागले, तेव्हा थोरली म्हणाली, "राहू दे. जाळीपाशी तरी झाडाची तेवढीच खूण उरलीय." तेव्हापासून मी अशी भिंतीला टेकून उभी आहे. दोष माझा, त्यांचा की त्या कचेरीचा, हा हिशोब मी मांडत बसत नाही. झाड गेले, एवढे मात्र खरे. आणि ते कोणाच्या वैरामुळे गेले नाही, त्याला सगळे जपत होते म्हणून गेले, याचेच मला जास्त दुःख होते.

तुतीची फांदी मातीत खोचली तर कधी कधी जगते. धाकटीने पडलेल्या झाडाची एक फांदी खोचली. ती जगली. भोवती या वेळी वेताच्या काठ्या आहेत, आणि थोरलीने त्या कापडाच्या काठांनी बांधल्या आहेत, सैल, वाढत्या अंगाच्या. परवा नवे साहेब आले आणि कुंपणापलीकडूनच म्हणाले, "जाळी दिसत नाही?" थोरलीने फाटक उघडले. "साहेब, आत या. आधी झाड बघा," ती म्हणाली. साहेब आले. पण रोप अजून लहान आहे, आणि थोरलीचे केस पांढरे झाले आहेत. याची फळे खायला त्या दोघी पायरीवर असतील का, कोण जाणे.

मित्रांनो, मला तेल नको, रंग नको, कौतुक तर मुळीच नको. तुमच्या रस्त्यावर माझ्या पुष्कळ बहिणी उभ्या असतील. येता-जाता त्यांच्या कडीच्या आणि झाडाच्या सालीच्या मध्ये आपले एक बोट घालून बघा. बोट सहज फिरले तर पुढे जा, खेळा. नाही फिरले, तर तसेच घरी धावत जा आणि मोठ्या माणसांना हाताला धरून घेऊन या. ते म्हणतील, कोणाला तरी विचारू, मग बघू. तेव्हा त्यांचा हात सोडू नका.