सात प्रश्न, सात होकार

मंगळवार उजाडला की पळसटेकच्या जुन्या कापूस गोदामासमोर बैलगाड्यांची दाटी व्हायची. चिखलीहून येणारी एसटी फाट्यावर निम्मी रिकामी व्हायची आणि उतरलेली माणसं गोदामाचा रस्ता धरायची. महाराष्ट्र राज्य होऊन चार-पाच वर्षं झाली होती. गावात शाळा होती, फाट्यापर्यंत डांबरी सडक आली होती. आणि त्याच सडकेनं पारख महाराजही आले होते.

हे महाराज हवेतून अंगारा काढत नसत की निखाऱ्यावरून चालत नसत. ते फक्त विचारत. सात प्रश्न विचारत, आणि घरच्या माणसालाही ठाऊक नसलेलं माणसाचं आतलं दुखणं चारचौघांत बाहेर पडे.

"समोर पाह्य बे! रात्री मधातच जाग येते?"

"येते, महाराज."

"छातीवर कोणी बसल्यावानी वाटते? मांगून हाक आली म्हून वळतं, अन् पाह्यतं तर कोणीच नाही?"

"हाव जी!" समोरचा माणूस रडायलाच लागे.

"गेलेलं मानूस सपनात येते? खोटं नको बोलू, मले सब दिसते!"

सातवा होकार पडला की महाराज जमिनीवर हातातला लोखंडी चिमटा आपटत. "पुरे सात! लागीर हाये, भूत धरून बसलं हाये! अवसेले घेऊन या." आणि गर्दीतून एकच सुस्कारा उठे. "कसं वयखते पाहा! काळीज वाचते मानूस!"

गर्दीच्या कडेला पुष्पाबाई उभ्या होत्या. त्या गावच्या मुलींच्या शाळेतल्या मास्तरीणबाई. शेगावकडच्या, नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही. भाड्याच्या एका खोलीत राहायच्या. गाव त्यांना मान द्यायचं आणि मान देऊन लांब उभं राहायचं. हळदीकुंकवाला कुणी बोलवत नसे, आणि उगीच गप्पा मारायला येईल असं एकच माणूस होतं: शेजारची झुंबरबाई. भिंतीवरून वाटीभर भाजी पुढं करत ती दिवसभराचं सांगायची.

त्या झुंबरबाईचं बोलणं दिवाळीनंतर हळूहळू आटलं. काही घडलं नव्हतं. घरात मरण नाही, भांडण नाही. ती वेणी घालेनाशी झाली, ताट तसंच सारू लागली, आणि मग भिंतीकडं तोंड करून बसू लागली. नवऱ्यानं, शालिग्रामनं, होते नव्हते ते काढे पाजले. शेवटी त्यानं तिला गोदामात आणलं, आणि पुष्पाबाई सोबत आल्या.

झुंबरबाई बोलली नाही. महाराज विचारत गेले, तशी ती मान हलवत गेली. चिमटा आपटला. "हे लागीर लय जुनं हाये. अवसेपासून तीन दिवस खांबाले बांधा लागंन. अन्न बंद. मिरचीची धुरी देतो, मंग पाह्य कसं बोंबलत निंगते!"

झुंबरबाईच्या अंगावर मूठभर मांस उरलेलं नव्हतं.

"तीन दिवसांत ती मरेल!" पुष्पाबाई पुढं होऊन म्हणाल्या.

महाराज हसले. "मास्तरीनबाई, तुमचा इस्वास नाही ना? या, तुमी बी बसा."

त्या रागानं बसल्या. आपण सगळ्याला नाही म्हणायचं, असं ठरवूनच बसल्या. पण प्रश्न येत गेले आणि त्यांना खोटं बोलवेना. जाग येते. ओझं वाटतं. हाकेचा भास होतो. शेवटी महाराज आवाज खाली आणून म्हणाले, "चार मानसांत बसून बी एकटं वाटते?"

पुष्पाबाईंच्या तोंडून हो निघून गेलं. चिमटा आपटला.

त्या घरी आल्या आणि चूल न पेटवता बसून राहिल्या. लागिरावर त्यांचा विश्वास नव्हता. पण इतक्या वर्षांत जे कुणी विचारलं नव्हतं, ते या माणसानं विचारलं होतं, आणि ते खरं होतं. त्याला कसं कळलं? लाज वाटत होती, आणि त्याहून वाईट म्हणजे पुन्हा त्याच्यासमोर जाऊन बसावंसं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी वर्गात त्यांचं लक्ष नव्हतं. त्यांनी उगीच विचारलं, "आपल्या गावाचं नाव काय?" सगळ्या पोरींचे हात वर गेले. बाई त्या हातांकडं पाहत राहिल्या. या प्रश्नावरून हुशार कोण नि कच्ची कोण, हे कधी कळेल का? ज्याचं उत्तर सगळ्यांचं एकच, तो प्रश्न पारख कसली करणार?

महाराजांनी मला ओळखलं, की कुणालाही हेच विचारलं असतं?

शाळा सुटल्यावर त्या थेट तालमीत गेल्या. कचरू पहिलवान अंगाची माती झाडत होता. त्याला लागीर झालंय, असं म्हणायची कुणाची छाती नव्हती. बाईंनी सातही प्रश्न विचारले. तो आधी हसला, मग खाली बसला.

"माय मेली तवापासून तिचीच हाक येते बाई. कोनाले सांगू? पहिलवान म्हनतेत मले."

सातही होकार. दिवसभर खिदळणारी बनाबाई सुईण, तिचेही सात. शालिग्रामचे सात. तो घाबरून म्हणाला, "म्हंजे मले बी लागलं का?"

"शालिग्रामभाऊ, गावात मग उरलं कोण?"

बाई विचारत फिरल्या, आणि ज्या दाराशी त्या कधी थांबल्या नव्हत्या त्या दाराशी माणसं त्यांना बसवून घेऊ लागली. प्रत्येकाला वाटत होतं की हे फक्त आपल्यालाच होतं.

शेवटी त्या रंगराव पाटलांकडं गेल्या. महाराजांचं जेवण पाटलांकडं असे, आणि 'या उंबऱ्याच्या आत बाधा पाय ठेवू शकत नाही' असा महाराजांचाच निर्वाळा होता. पाटलांनी सगळं ऐकून घेतलं, आपलीही सात उत्तरं दिली आणि मिशीतल्या मिशीत हसत म्हणाले, "पाहूच मंग."

अवसेच्या दुपारी गोदाम खच्चून भरलं. खांबाशी दोर तयार होता, मिरच्या तयार होत्या. झुंबरबाई भिंतीला टेकून बसली होती. तेवढ्यात घोंगड्यांनी नखशिखांत झाकलेली तीन माणसं आत येऊन बसली.

"महाराज," पुष्पाबाई म्हणाल्या, "यात बाधा कुणाला आणि निकोप कोण, एवढं सांगा. ते बोलणार नाहीत, मान हलवतील. सांगितलंत, तर मी शाळा सोडून तुमच्या पाया पडेन."

"माही विद्या काय कपड्यानं झाकते?" महाराज गरजले. प्रश्न सुरू झाले. तिन्ही घोंगडी डोलत राहिली. महाराजांनी डोळे मिटले, अंग थरथरवलं आणि मधल्यावर चिमटा रोखला. "तिघायले बी हाये! पन हे मधलं? बाप रे! असा खवीस म्या जिंदगीत नाही पाह्यला! यालेच पह्यले बांधा!"

मधलं घोंगडं बाजूला झालं. आत रंगराव पाटील.

"बांधा ना महाराज," पाटील म्हणाले. "पन धुरी जेवनाच्या आंधी द्याल का नंतर?"

गोदामात हशा उसळला. दुसऱ्या घोंगड्यातून कचरू निघाला, तिसऱ्यातून बनाबाई. हसणं थांबल्यावर बाई बोलल्या.

"यांनी तुमचं काळीज वाचलं नाही. जे सगळ्यांनाच होतं, तेच विचारलं. झोपमोड कुणाची होत नाही? मेलेलं माणूस कुणाच्या स्वप्नात येत नाही? जी चाळणी खडे आणि दाणे दोन्ही धरून ठेवते, तिला चाळणी म्हणायचं का? आपण हो म्हणतो, कारण आजवर कुणी विचारलेलंच नसतं."

मग त्या महाराजांकडं वळल्या. "तुम्हाला वाटतं का हो, चार माणसांत एकटं?"

महाराजांचा उगारलेला चिमटा खाली आला. इतक्या गर्दीत तो माणूस एकाएकी म्हातारा दिसला. शालिग्राम उठला आणि खांबाचा दोर त्यानं सोडला.

पण झुंबरबाई अजून भिंतीकडंच पाहत होती. लागीर खोटं होतं, दुखणं खोटं नव्हतं.

तिला घेऊन शालिग्राम आणि पुष्पाबाई चिखलीच्या सरकारी दवाखान्यात गेले. तरुण डॉक्टरांकडंही प्रश्नांचा एक छापील कागद होता, मनाच्या आजाराची चाचपणी करण्यासाठी वरून आलेला. त्यांनी वाचलं, "आपणांस औदासीन्य जाणवते काय?" झुंबरबाईनं होकाराची मान हलवली. तिला शब्दच कळला नव्हता.

"डॉक्टर," पुष्पाबाईंनी विचारलं, "हे प्रश्न धडधाकट माणसांना विचारून पाहिलेत?"

डॉक्टर रागावतील असं शालिग्रामला वाटलं. पण त्यांनी तो कागद पुन्हा वरपासून खालपर्यंत पाहिला. मग म्हणाले, "नाही. पाहायला हवं." पुढं कित्येक रविवारी ते पळसटेकला आले. तेच प्रश्न त्यांनी इथल्या बोलीत, बऱ्या माणसांना आणि तपासून आजारी ठरलेल्यांना विचारले. दोघंही हो म्हणतील ते बाद केले. झोपेचा प्रश्न टिकला नाही. 'आवडीचं खायला दिलं तरी रोजच माती लागते का' हा टिकला. ज्यांचे होकार जास्त, त्यांनाही लगेच आजारी न म्हणता डॉक्टर पुन्हा निवांत बसून तपासत.

झुंबरबाईसाठी मात्र ते थांबले नव्हते. दवाखान्यातल्या त्या पहिल्याच दिवशी त्यांनी कागद बाजूला ठेवला आणि विचारलं, "विहिरीवर गेलं की आत पाह्यत उभं राहावं वाटते का?"

त्यावर ती बोलली. "हाव. तिथं कोनी काही मांगत नाही."

शालिग्राम लहान मुलासारखा रडला. त्या दिवसापासून पाणी तो स्वतः भरू लागला. गोळ्या सुरू झाल्या. गुण यायला उन्हाळा उलटला, आणि मधे एकदा सगळं पुन्हा ढासळलं. पण ती जगली. हळूहळू जेवू लागली.

महाराज लोणारकडं निघून गेले, आणि गावातले काही जण तिकडंही गेले. पुष्पाबाईंची खोली होती तशीच राहिली. फरक एवढाच की आपल्याला जे होतं त्याला त्या आता एकटेपण म्हणायच्या, आणि कुणी विचारलं तर तसं सांगायच्या.

तुमच्या मनातलं कुणी अचूक ओळखलं, तर हात जोडण्याआधी एक करा. तेच प्रश्न शेजाऱ्याला विचारा. त्याचीही उत्तरं तीच आली, तर समोरच्याकडं विद्या नाही, एवढं समजा. तरीही दुखणं उरलंच, तर डॉक्टर गाठा. आणि विचारायला गेलाच आहात, तर शेजाऱ्यापाशी घटकाभर बसा.