रिकामा मिक्सर

“थांबा, थांबा. कोणीच हसलं नाही,” काचेपलीकडून सर्वेश माइकवर म्हणाला.

अंधेरीच्या डबिंग स्टुडिओत आठ माणसं हसायला बोलावली होती. ‘बाबा ऑप्शनल’ ही लग्नाशिवाय आई होणाऱ्या मुलीची विनोदी मालिका. प्रेक्षकांचं हसू तिला मागाहून जोडायचं. पद्धत अशी, की आधी सुहासिनीने हसायचं आणि बाकीच्या सातांनी तिच्या मागोमाग. एकोणीस वर्षांत तिचं हसू कधी चुकलं नव्हतं. आज ती गप्प राहिली आणि सगळे तिच्या तोंडाकडे बघत बसले.

“काय गो, आज हसाक येना नाय?” शेजारच्या गुणाजीने विचारलं.

“घसा धरलाय.”

घशाला काही झालेलं नव्हतं. पडद्यावर नायिका आईला सांगते, मला दिवस गेलेत आणि मी लग्न करणार नाही. आई आधी खिडकी लावते. मग शेजारी ऐकू जाऊ नये म्हणून रिकामा मिक्सर सुरू करते आणि त्या घरघरीत ओरडून विचारते, “कोणाचं?” इथे मोठं हसू हवं होतं.

त्याच सकाळी विक्रोळीच्या घरात सुहासिनीने हेच केलं होतं. खिडकी लावली, मिक्सर लावला. भांड्यात काही घालायचंही तिला सुचलं नाही. तिची एकतीस वर्षांची मुलगी श्रुतिका समोर शांत उभी होती.

“तू पण मला एकटीनेच वाढवलंस ना?”

“माझ्यावर वेळ आली होती. तू ठरवून करतेयस.”

“मग ते जास्त बरं ना?”

“बिल्डिंगमध्ये तोंड दाखवू कशी मी?”

नवरा सोडून गेला तेव्हा सुहासिनीने सगळ्यांना सांगितलं होतं, ते नोकरीसाठी दोह्याला गेलेत. खरं काय ते बिल्डिंगला ठाऊक होतं. तरी दर दिवाळीला बायका विचारत, दोह्याहून फोन आला का, आणि ती हो म्हणे. मुलीच्या वाट्याला असल्या दिवाळ्या येऊ नयेत, एवढंच तिला म्हणायचं होतं. तोंडातून निघालं भलतंच.

“मी मुलुंडला मैत्रिणीकडे राहते,” श्रुतिका म्हणाली. “माझी लाज वाटायची थांबली की सांग.”

“ताई, परत घेऊ?” सर्वेशने विचारलं.

पुन्हा खिडकी लागली, मिक्सर सुरू झाला. भांड्यात काही नसताना ती बाई दोन्ही हातांनी झाकण दाबून धरत होती. सुहासिनीने सकाळी अगदी तसंच धरलं होतं. तिला हसू फुटलं, पोट दुखेपर्यंत. सातही जण मागोमाग सुटले.

“झकास,” सर्वेश म्हणाला. “पुढचा सीन.”

घरी आली तेव्हा श्रुतिकाची बॅग गेलेली होती. सुहासिनीने फोन हातात घेतला आणि ठेवून दिला. महिना तसाच गेला.

लहानपणी श्रुतिका टीव्हीसमोर बसून त्या सगळ्या हसण्यांतून आईचं बरोबर ओळखायची. तो भाग लागला त्या संध्याकाळी तिचा फोन आला.

“मिक्सरवर पहिली हसली ती तूच ना?”

“हो.”

“मोठं हसलीस.”

“मोठंच मागितलं होतं.” मग ती म्हणाली, “पहिल्यांदा आलंच नाही गं. दुसऱ्यांदा आलं ते खरं होतं. माझंच मला हसू आलं.”



“शनिवारी सुट्टी आहे मला,” श्रुतिका म्हणाली.

सुहासिनीने वाल भिजत घातले. शनिवारी सकाळी ती खिडकीशी मोड आलेले वाल सोलत बसली, तेव्हा शेजारची क्षमा गॅलरीतून जाता जाता थांबली.

“एवढं बिरडं? कोण येतंय?”

“श्रुतिका. दिवस गेलेत तिला.”

क्षमाचा आवाज आपोआप खाली आला. “आणि जावई?”

“जावई नाही,” सुहासिनी नेहमीच्या आवाजात म्हणाली. “दोह्यालाही कोणी नव्हतं.”

खिडकी तशीच उघडी ठेवून तिने पुढचा वाल सोलायला घेतला.