एकटीने होडी काढायची

ताईने अट घातली तेव्हा आम्ही पडद्यांच्या घड्या घालत होतो. मी घरी पडदे शिवते. ताई दवाखान्यातल्या नोकरीतून निवृत्त झाल्यापासून त्यांच्या घड्या घालते, तिच्या पद्धतीने, म्हणजे चुकीच्या. तिच्या लेकीला जुळी झाली आहेत, जावई कामासाठी सतत फिरतीवर असतो, आणि लेक बिचारी फोनवर बोलता बोलता झोपते. ताईने तिकडे जायचं आणि जुळी शाळेत जाऊ लागेपर्यंत तिकडेच राहायचं, हे जवळजवळ ठरलं होतं. अडत होतं ते माझ्यापाशी.

"मी गेले की तू एकटीच होडी काढशील," ताई म्हणाली. "ओळखून आहे मी तुला. आणि मग मला तिकडे झोप लागायची नाही."

तर अट अशी की आमची तलावावरची छोटी होडी मी एकटीने पाण्यात उतरवायची, एकटीने तिच्यात चढायचं, एक फेरी मारायची आणि पुन्हा ती एकटीने गाडीमागच्या ट्रेलरवर चढवायची. ताई काठावर उभी राहणार, पण हात लावणार नाही आणि तोंड उघडणार नाही. मला जमलं तर ती जाणार. नाही जमलं तर लेकीला मुलं सांभाळायला दुसरी बाई बघायला सांगणार आणि इथेच राहणार.

मी तोऱ्यात बरं म्हणाले. खरं सांगायचं तर मला ती जायला नको होती. पण आमच्या घरी असलं काही बोलायची पद्धत नाही. माया उतू गेली तर आम्ही एकमेकींना फार तर स्वेटर घाल म्हणून सांगतो. शिवाय ती भाची अर्धी मीच वाढवलेली, तिचा आधार काढून घेऊन 'राहा' म्हणायला मला तोंड नव्हतं. आता ते म्हणायची गरजच उरली नाही. नापास झालं की काम झालं, सुंठीवाचून खोकला जाणार होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तलावावर धुकं होतं. पलीकडचा काठ दिसतच नव्हता आणि अलीकडचाही जेमतेम होता. सिमेंटचा उतार पाण्यापर्यंत जात होता आणि पुढे कुठे जात होता ते कळत नव्हतं. गाडीचं दार लावल्याचा आवाजसुद्धा कुणीतरी लांब दुसऱ्या गावात लावल्यासारखा आला. ताई शाल गुंडाळून धक्क्याच्या तोंडाशी उभी राहिली. गप्प राहणं तिला किती जड जातं ते तिच्या मिटलेल्या ओठांवरून दिसत होतं, आणि मला त्याची गंमत वाटत होती.

इतकी वर्षं आमची कामं वाटलेली होती. मी गाडी चालवायची आणि ताईने मागे ट्रेलरवरच्या होडीत बसायचं. असं बसू नये म्हणतात, पण ताईला कोण सांगणार? मी उताराने ट्रेलर उलटा पाण्यात न्यायचा, चाकं पुरेशी बुडाली की ताईने वल्ह्याने होडीच्या कडेवर दोनदा ठोकायचं, की मी ब्रेक दाबायचा. पुढचं सगळं तिचं. मी गाडी वर ठेवून येईपर्यंत ती होडीत मालकिणीसारखी बसलेली असायची आणि मला चढायला हात द्यायची.

मी मागचे पट्टे सोडले. होडीच्या बुडाचं बूच बसवलं, इंजिन वर उचललेलं आहे ना पाहिलं आणि पुढच्या टोकाला लांब दोर बांधला. होडीला ट्रेलरशी धरून ठेवणारा पुढचा हूक मात्र पाण्यात जाईपर्यंत सोडायचा नाही, नाहीतर होडी उतारावरच घसरते. मग गाडीत बसले. ट्रेलर उलटा नेणं हा एकच विषय असा की ज्यात ताई माझ्यापुढे हात टेकते. स्टिअरिंग खालून धरायचं, हात जिकडे जाईल तिकडे ट्रेलर जातो. बाकी जगात असं काही होत नाही, म्हणून मला ते आवडतं.

काच खाली करून मी मागे मागे जात राहिले. चाकांखालचा आवाज बदलला, सिमेंटचा पाण्याचा झाला. मी ठोकण्याची वाट पाहत होते. होडी रिकामी आहे हे मला माहीत होतं, तरी कान मागेच होते, आणि गाडी जात होती. मला असंही वाटलं की अशीच मागे मागे गेले तर सगळंच मागे जाईल, भाची पुन्हा लहान होईल, आम्ही दोघी पुन्हा काळ्या केसांच्या होऊ आणि ताई होडीत बसलेली असेल. तेवढ्यात माझा पाय आपोआप ब्रेकवर पडला. आरशात पाहिलं तर काठावर ताईची मूठ हवेत होती, ठोकायच्या बेतात. तिने ती घाईने शालीत लपवली.

मी उतरून पुढच्या चाकांमागे लाकडी ठोकळे लावले, गुडघाभर पाण्यात गेले, हूक सोडला आणि होडी ढकलली. ती हलकीच तरंगली. दोर धरून मी तिला धक्क्याच्या कडीला बांधलं आणि गाडी वर ठेवून आले. आता चढायचं होतं. हात द्यायला कुणी नव्हतं. मी एक पाय होडीत ठेवला आणि होडी निघाली. एक पाय धक्क्यावर, एक पाय प्रवासाला, अशी माझी मजेशीर अवस्था झाली. ताईचं पाऊल पुढे पडलं. मी तिच्याकडे डोळे वटारले, कसाबसा पाय मागे घेतला, धक्क्याच्या कडेवर चक्क बसले, दोन्ही पाय होडीच्या मधोमध टेकवले आणि पोतं सरकतं तशी आत सरकले. ऐट गेली, पण मी कोरडी राहिले. गुडघ्यांच्या वर, म्हणजे.

मी इंजिन लावलंच नाही. वल्ही मारत धुक्यात शिरले आणि थोड्या वेळाने तीही आत घेतली. होडी चालली आहे की थांबली आहे ते कळेना. पाणी आणि धुकं एकाच रंगाचं होतं. वल्ह्यांवरून थेंब पडत होते तेवढाच काय तो आवाज. काठावर ताईच्या शालीचा एक तांबडा ठिपका तेवढा उरला होता. मी तो डोळ्यात तेल घालून पाहत राहिले, कारण तो गेला तर मी कुठे आहे हे मला कुणी सांगू शकलं नसतं. मला भीती वाटत नव्हती. फार बरं वाटत होतं, आणि त्याचाच मला राग आला. एकटीला इतकं बरं वाटायला नको होतं.

परत वळताना मी ठरवून टाकलं. होडी चढवताना चूक करायची. ट्रेलर हातभर जास्त खोल न्यायचा, की होडी त्याच्यावर तरंगत राहते, आणि गाडी वर ओढली की तिरकी बसते. कुणाला लागत नाही, काही मोडत नाही. फक्त ताई मान हलवेल आणि घरी येऊन बॅग रिकामी करेल.

होडी बांधली, गाडी आणली, ट्रेलर पाण्यात घेतला. हातभर जास्त, हातभर जास्त, असं मी मनात म्हणत होते. पण माझा पाय नको तिथे शहाणा निघाला. जिथे थांबायला हवं तिथेच थांबला. उतरून पाहिलं तर चाकं अगदी हवी तेवढी बुडालेली. मग म्हटलं, हूक सैल ठेवू. हातांनी तो घट्ट लावला. मी विंचचा, म्हणजे होडी ओढून घ्यायच्या चाकाचा, दांडा फिरवत होते आणि होडी सरळ रेषेत, शहाण्या मुलीसारखी, माझ्याकडे चढत येत होती. इतकी वर्षं मी आरशात ताईला हे करताना पाहिलं होतं. माझ्याच हातांनी माझा घात केला.

उतारावर ट्रेलर उभा होता, होडीतून पाणी निथळत होतं. ताई जवळ आली. तिने पट्टे ओढून पाहिले, हूक पाहिला. खोट काढायला जागा नव्हती.

"जमलं की गं तुला," ती म्हणाली.

"मला जमायला नको होतं," मी म्हणाले. मग म्हटलं, आता ताकाला जाऊन भांडं काय लपवायचं. "ताई, तू जाऊ नकोस. मला सगळं येतं. तरी जाऊ नकोस."

ताईने होडीच्या ओल्या कडेवर हात टेकला.

"अट का घातली माहीत आहे?" ती म्हणाली. "नुसतं राहा म्हणाली असतीस तर मी राहिले असते. तू ते म्हणायच्या आधीच निकाल लागावा म्हणून. आणि मला जायचंय, चिमे. नुसतं लेकीसाठी नाही. मला स्वतःला जायचंय. ती पोरं मला मांडीवर हवी आहेत."

हे ती मला पडद्यांच्या घड्या घालतानाही सांगू शकली असती. पण मीसुद्धा कुठे सांगितलं होतं? मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही. ताईने शालीच्या टोकाने माझं नाक पुसलं, लहानपणी पुसायची तसं, जरा जोरातच.

"मग जा," मी म्हणाले. "पण आत्ता थांब. तिथे धक्क्यावर जाऊन उभी राहा."

मी पुन्हा पट्टे सोडले, बूच पाहिलं आणि होडी दुसऱ्यांदा उतरवली. ती बांधली, गाडी वर ठेवून आले आणि आधी मी आत सरकले. मग ताईला हात दिला. ती पुढच्या फळीवर बसली आणि सवयीने वल्ह्यांकडे वळली, तर वल्ही माझ्याकडे होती. दोराकडे पाहिलं, तर दोर मी सोडत होते. तिला हात कुठे ठेवावेत ते कळेना.

"मी काय करू?" तिने विचारलं.

"काही नाही. बस नुसती."

आणि माझी ताई, जन्मात पहिल्यांदा माझं ऐकून, मांडीवर रिकामे हात ठेवून बसली.