वाटणीला न येणारा लॅपटॉप

रुख्मिणीला लॅपटॉप घ्यायचा होता, म्हणून तिचा नवरा चुन्नीलाल आणि दीर उमेंद्र गोंदियाच्या दुकानात गेले. तिलाही नेलं. ट्रॅक्टर घेताना नेलं नव्हतं, पण ट्रॅक्टर ती चालवणार नव्हती. एवढा फरक घरात मान्य झाला होता.

सालेकशाला घराच्या ओसरीवर तिचा शिवणवर्ग चालायचा. हल्ली चिचगड, देवरीकडच्या मुलीही फोनवरून शिकायच्या. ती कागदावर कटिंग काढून फोटो पाठवायची. फोटोत मुंढ्याची, म्हणजे बाही जोडायच्या खाचेची, गोलाई सपाट दिसायची आणि मुली इमानदारीने सपाटच कापायच्या. चेतना नावाच्या मुलीने नवरीचं ब्लाऊज असं कापलं की, माळ घालायला नवरीचे हात वरच जाईनात. भर मांडवात नवरदेव वाकला. त्या दिवशी रुख्मिणीने ठरवलं, मुलींसमोर रेघ न् रेघ ओढून दाखवायची. स्क्रीनवर पेनने कटिंग काढता येईल आणि कीबोर्डवर वर्गाचं लिहिणंही होईल, असं एकच यंत्र हवं. महिनाभर व्हिडिओ पाहून तिने सगळं समजून घेतलं होतं.

दुकानातल्या विक्कीने चुन्नीलालला विचारलं, "सर, यूज क्या रहेगा?"

"घरचाच."

"मतलब भाभीजी पिक्चर-विक्चर देखेंगी."

"भाभीजी सिखाती है," रुख्मिणी म्हणाली. "पेनवाला दिखाओ."

विक्कीने चुन्नीलालकडे पाहिलं. चुन्नीलालने मान हलवली, तेव्हा पेनवाला आला.

विक्कीने स्क्रीन ओढली. खट्‌ करून ती कीबोर्डपासून सुटली. हातात घेतली तर शाळेतल्या पाटीएवढी हलकी. रुख्मिणीने ती डाव्या हातावर तोलली, उभ्या उभ्या पेनने मुंढा काढला. गोलाई भरून आली. कटिंगच्या टेबलापाशी उभं राहून शिकवायला असंच हवं होतं. ती "हाच" म्हणणार, एवढ्यात उमेंद्र बोलला.

"भाऊ, हे तं दोन झाले!"

शेताची वाटणी झाली तेव्हा दोघा भावांत बोअरची मोटर सामाईक राहिली. दोन दिवस याची पाळी, दोन दिवस त्याची. पुढे शिडी, फवारणीचा पंप, मिक्सर, सगळं त्याच वाटेने गेलं. घरात नवी वस्तू आली की ती कशी चालते हे नंतर पाहत. आधी ती कुठे वाटता येते ते पाहत.

"पाटी मी माह्या कृषी केंद्रात नेतो," उमेंद्र म्हणाला. "गिऱ्हाइकाले औषधं दाखवाले बरी. कीबोर्ड वहिनीजवळ राहील. त्याईले लिहाचंच तं आहे."

"बराबर आहे," चुन्नीलाल म्हणाला. "संध्याकाळी आणून देत जाय."

"अन् दिवसभर मी नुसत्या कीबोर्डवर काय पोळ्या लाटू?"

"अवं, चिडून कायले राहिली? घरातच तं राहणार आहे. पाळी लावून घेऊ."

"धान दोन दिवस वाट पाहते जी. पोरी नाही पाहत."

पैसे तिच्या वर्गाचे होते. हे ती बोलली नाही. ते सगळ्यांना माहीत होतं आणि त्याने काही फरक पडत नव्हता.

"यही तो फायदा है सर," विक्की म्हणाला, "पूरी फैमिली यूज कर सकती है."

रुख्मिणीने पाटी काउंटरवर ठेवली. "जो पलटता है, मगर निकलता नहीं, वो है क्या?"

होता. त्याची स्क्रीन मागे पूर्ण वळून कीबोर्डच्या पाठीला टेकायची, पण सुटायची नाही. पेन वेगळा घ्यावा लागणार होता. तिने तो लॅपटॉप हातावर तोलला. मनगट लगेच दुखलं, आणि खालून कीबोर्डची बटणं बोटांना लागत राहिली.

"मैडम," विक्की म्हणाला, "आपके काम के लिए पहलेवाला ज्यादा अच्छा है."

तो पहिल्यांदाच तिच्याशी बोलला होता, आणि खरं बोलला होता. याचाच तिला सगळ्यात जास्त संताप आला.

"यही दो."

उमेंद्रने स्क्रीन ओढून पाहिली. मग जरा जोर लावून ओढली. "वहिनी, हे तं सुटतच नाही."

"हो."

"मंग असा जड काऊन घेऊन राहिल्या?"

"सुटत नाही म्हणून."

"तुह्यासाठीच म्हणत होतो," चुन्नीलाल म्हणाला. "ते हलकं होतं."

विक्कीने लॅपटॉप सुरू केला आणि सवयीने चुन्नीलालकडे वळवला. "सर, उंगली लगाइए. बिना उंगली के खुलेगा नहीं."

चुन्नीलालने खरोखरच बोट पुढे केलं. रुख्मिणीने लॅपटॉप आपल्याकडे ओढला आणि स्वतःचं बोट टेकवलं. यंत्राला ते ओळखू येईना. इतक्या वर्षांच्या सुयांनी बोटांची टोकं खरबरीत झालेली. तिने पदराला पुसून दुसरं बोट लावलं, मग अंगठा. नाही.

"माह्यं लावा ना वहिनी," उमेंद्र म्हणाला. "एका झटक्यात होते. तुमाले लागलं का मी उघडून देत जाईन."

तिने डाव्या हाताची करंगळी टेकवली. बराच वेळ काही झालं नाही. मग स्क्रीनवर हिरवी खूण आली.

"हो गया," विक्की म्हणाला. "और किसी का डालना है? और भी डाल सकते हैं."

दोघे भाऊ एकदमच पुढे वाकले.

"हाँ, डालो," रुख्मिणी म्हणाली, आणि तिने उजव्या हाताची करंगळी पुढे केली.